पोकळ ऐन ठेवायचा की तोडायचा : शहापूरच्या एका कुपाचं प्रकरण

शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्याच्या हद्दीला लागून राखीव वन आहे. त्यातल्या एका कुपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्याची, पाळी आली. पाऊस उघडला, दसरा झाला आणि वनपाल, वनरक्षक मार्किंगला, म्हणजे तोडायची झाडं खुणावायला, रानात उतरले. काम निम्म्यावर आलं असताना ऐनाच्या एका पोकळ झाडात रानपिंगळ्याची, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाची, जोडी असल्याचं कळलं. मग कुऱ्हाडी थांबल्या. अर्ज गेले, तोडीला विरोध करायला ठाण्याहून निसर्गप्रेमी मंडळी आली, ग्रामसभा झाली, बऱ्यापैकी तणातणीही झाली. अखेर तोड झाली, पण कागदावर लिहिली होती तशी झाली नाही.

गाव, बीट आणि कुपाचा नंबर मुद्दाम देत नाही. रानपिंगळ्याच्या घरट्याची जागा जाहीर केली की पुढच्या रविवारी तिथं कॅमेऱ्यांची रांग लागते. शिवाय हे एकाच कुपाचं जसंच्या तसं वर्णन नाही. ठाणे जिल्ह्याच्या रानात कूपतोडीच्या वेळी जे पेच पुन्हा पुन्हा पडतात, ते एका जागी आणून चर्चेसाठी हे प्रकरण रचलं आहे. कायदे, तारखा आणि पक्ष्याची माहिती मात्र खरी.

रान आणि कागद

खर्डीकडचं हे रान पानगळीचं. साग मुख्य, जोडीला ऐन, धावडा, बोंडारा, बिबळा, कळंब, हेदू, खैर. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर. माणसाचा हात लागला नाही असं रान इथं शोधून सापडायचं नाही. इंग्रजांच्या काळात तोडलं, ठेकेदारांनी तोडलं, खात्यानं तोडलं. आज उभा असलेला बराचसा साग आधीच्या तोडीच्या खुंटांवर फुटलेला आहे. बुंध्याशी वाक असलेला, एकाच बुडख्यातून दोन-तीन सोट वर गेलेला साग दिसला की समजावं, इथं पूर्वी कधीतरी कुऱ्हाड फिरली आहे. त्यामुळे ‘रानाला हात लावू नका’ या मागणीत भावना चांगली असली, तरी कुठल्या रानाबद्दल आपण बोलतोय हे तीत येत नाही.

ठाण्यातल्या पुष्कळ लोकांची समजूत अशी, की वनखातं मनाला येईल तेव्हा झाडं तोडतं. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला, आणि तेव्हापासून केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेर सरकारी वनात तोड करता येत नाही. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. कुठला कूप कुठल्या वर्षी आणि कुठल्या पद्धतीनं तोडायचा हे तिच्यात लिहिलेलं असतं. एकदा मंजूर झाली की ती दोन्ही बाजूंनी बांधते. जास्त तोडलं तर गुन्हा. न तोडलं तर ‘का नाही तोडलं’ याचं उत्तर वनक्षेत्रपालाला द्यावं लागतं. या दुसऱ्या बाजूची बाहेर कोणाला कल्पना नसते.

तोडीआधी कुपाचा उपचार नकाशा करतात. तीव्र उतार, ओढ्याचे दोन्ही काठ, माती वाहून जाणारी जागा हे सगळं संरक्षणासाठी बाजूला काढायचं. विरळ झालेल्या जागी तोड करायची नाही, लागवडीचं बघायचं. उरलेल्या भरल्या रानातच मार्किंग. त्यातही मोह, आंबा, हिरडा, बेहडा ही कामाची झाडं सोडून द्यायची. राहिलेल्यांत पहिला नंबर वाळलेल्या, मरू घातलेल्या, वाकड्या, किडक्या आणि पोकळ झाडांचा, आणि त्यानंतर घेर भरलेल्या सागाचा. हिला सुधार तोड म्हणतात. कामाच्या झाडाला उजेड आणि जागा मिळावी, यासाठी बिनकामाचं काढून टाकायचं. वनशास्त्राचा हा जुना नेम आहे आणि लाकडाच्या हिशेबानं तो चुकीचाही नाही.

पण या नेमात पोकळ झाड यादीत सगळ्यात वर येतं. सगळा पेच तिथं आहे. किती झाडं तोडायची यावर ठाण्यात आणि शहापुरात महिनाभर वाद चालला. माझ्या मते प्रश्न आकड्याचा नव्हताच, प्रश्न होता कुठलं झाड तोडायचं हा.

पक्षी

रानपिंगळ्याची कथा महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1873 मध्ये पक्षी-अभ्यासक ह्यूमनं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि हा पक्षी नाहीसा झाला असंच लोक धरून चालले. नोव्हेंबर 1997 मध्ये तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. मग तोरणमाळ, मेळघाट, यावल इथल्या नोंदी झाल्या. 2014 मध्ये तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली तेव्हा भलतीच खळबळ उडाली. कसारा लोकलनं जाऊन पोचता येईल अशा रानात हा पक्षी निघेल असं कोणी धरलं नव्हतं. 2018 मध्ये आययूसीएननं, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं, म्हणजे जरा बरं आहे इतकंच.

आपल्या प्रकरणापुरत्या त्याच्या तीन सवयी ध्यानात घ्यायच्या. तो स्वतः ढोली कोरत नाही. कुजून झालेली किंवा दुसऱ्या पक्ष्यानं कोरलेली आयती ढोली त्याला लागते. दुसरं, तो गर्द रानातला पक्षी नाही. विरळ, पानगळीचं, खाली मोकळी जमीन असलेलं रान त्याला मानवतं, कारण फांदीवर बसून खालचा सरडा, उंदीर, टोळ हेरायचा आणि तोही बराचसा दिवसाउजेडी. तिसरी सवय सगळ्यात अडचणीची. त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो, आणि कूपतोडीचा हंगामही पाऊस संपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतच असतो. खातं करवत लावतं त्याच महिन्यांत हा अंड्यांवर बसलेला असतो.

गावठाणातल्या वडा-पिंपळावर दिसतो तो ठिपकेदार पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद आणि पोट पांढरं असतं, शेपटीवर रुंद पट्टे असतात. दोघांत गल्लत सहज होते. म्हणून ‘पिंगळा आहे’ एवढ्यावर कूप थांबवता येत नाही. फोटो आणि आवाज दोन्ही तपासून घ्यावे लागतात. या प्रकरणातले पहिले बरेच दिवस त्यातच गेले.

मार्किंगच्या दिवशी

मार्किंगची रीत अशी. झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर टेपनं मोजायचा, साल तासून नंबर घालायचा आणि बुंध्याशी, तोडीनंतरही खुंटावर राहील अशा जागी, हातोड्याचा ठसा मारायचा. पुढं खुंट तपासताना ठसा नसेल तर ती चोरटी तोड. पोकळी ओळखायची युक्तीही जुनी आहे. कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर मारायची. धड झाड टणटणीत वाजतं, पोकळ झाड बद्द वाजतं.

त्या दिवशी ऐन बद्दच वाजला. वनरक्षक मुलगी नंबर घालायला पुढं झाली, तेव्हा टेप धरणारे बाबा म्हणाले, “ताई, याला ठसा नका मारू. याच्यात पिंगळा राहतो. दिवसाढवळ्या बसलेला असतो.” बाबा ‘म ठाकूर’ या आदिवासी जमातीचे, जंगल कामगार संस्थेचे जुने सभासद. ती म्हणाली, “बाबा, पिंगळा सगळीकडंच असतो.” बाबांनी वाद घातला नाही, काठीनं झाडाखालचा पाचोळा बाजूला सारला. खाली करंगळीएवढे करडे, वाळलेले गोळे पडले होते. पक्षी न पचलेलं ओकून टाकतो ते. तिनं एक गोळा बोटानं फोडला तर आत उंदराचे केस, सरड्याच्या जबड्याचं हाडूक आणि टोळाच्या तंगड्या. वर, पुरुषभर उंचीच्या दुप्पट जागी, जुनी फांदी तोडल्याच्या घावावर ढोलीचं तोंड होतं.

त्या मुलीनं नंबर घातला नाही. वनपालांना फोन लावला, आणि वनपालांनी वरती. या साखळीत कोणीही ‘आता ठसा मारून मोकळे व्हा’ म्हणालं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि ते कोणाला कळलंही नसतं.

ढोली फांदी तोडल्याच्या घावावर होती, हे मला पुढं फार महत्त्वाचं वाटत आलं आहे. हा ऐन शेतालगतचा. वर्षानुवर्षं त्याच्या फांद्या राबासाठी तोडलेल्या. भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर फांद्या-पाला पसरून भाजायचा, हा ठाण्याकडचा जुना रिवाज. त्यासाठी ऐन छाटणं सरकारला तेव्हापासून खुपतं. 1885 मध्ये ठाणे, कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या तक्रारींवर वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1887 मध्ये आला आणि त्यातही राबाचा प्रश्न होताच. आजही शहरी निसर्गप्रेमी राबाची छाटणी बघून हळहळतात. छाटणीनं झाडाची वाढ खुंटते हे खरंच. पण घावातून पाणी मुरतं, बुरशी शिरते, गाभा कुजतो आणि पंचवीस-तीस वर्षांत ढोली तयार होते. ठाण्याहून आलेल्यांपैकी एकानं शेतकऱ्यांना ‘झाडांचे मारेकरी’ म्हटलं, तेव्हा तो ज्या झाडासाठी भांडत होता त्याची ढोली त्याच शेतकऱ्यांच्या कोयत्यानं झाली होती.

रस्त्याच्या अलीकडे, पलीकडे

कुपाच्या एका कडेनं गाडीरस्ता जातो. पलीकडे अभयारण्य, अलीकडे प्रादेशिक विभागाचं राखीव वन. पलीकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 29 लागू, म्हणजे परवान्याशिवाय झाड तोडायला बंदी. भरीस 14 फेब्रुवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेली, रोगट, पडलेली झाडं आणि गवतही काढायला मनाई केली. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे वाळका ऐन हलवता येत नाही, आणि अलीकडे तोच ऐन यादीत सगळ्यात आधी तोडायचा. वीस पावलांत नियम पार उलटा होतो.

ठाण्याच्या मंडळींनी यावरून मागणी केली, की अभयारण्याची हद्द अलीकडे सरकवा, निदान कूप कायमचा रद्द करा. मागणी सरळ दिसते. पण अभयारण्याची हद्द वाढवायची तर गावाचे हक्क, चराई, सरपण, वनहक्क कायदा, 2006 खालचे सामूहिक दावे हे सगळं उघडावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. तोवर मार्किंगची वही बंद राहील, पण रात्रीची कुऱ्हाड बंद राहणार नाही. सागाचा आणि खैराचा चोर कार्य आयोजना वाचून येत नाही. आणि कूप बंद म्हणजे गावाचं त्या रानाशी असलेलं कामाचं नातं बंद. ते तुटलं की राखण एकट्या वनरक्षकाच्या काठीवर येते.

दुसरं टोकही तितकंच पोकळ. ‘आयोजनेत लिहिलंय, तोडा’ म्हणणाऱ्यांना 1988 चं वनधोरण दाखवावं लागतं. पर्यावरणाचं स्थैर्य पहिलं आणि आर्थिक उत्पन्न त्याच्या खाली, असं त्यात स्पष्ट आहे. अलीकडच्या आयोजनांत वन्यजीवांसाठी थोडी सुकी झाडं राखायची ओळही असते. पण ती ओळ बहुतेक वेळा ‘किती’ एवढंच सांगते. मार्किंग करणारा हाताला येईल ते वाळकं सोटकं राखतो आणि कोटा पुरा करतो. ढोलीवाला ऐन मात्र जिवंत, हिरवा असतो. तो सुक्यात धरत नाहीत, धडक्यातही धरत नाहीत.

संस्थेचं म्हणणं

जंगल कामगार सहकारी संस्था ही ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. ठेकेदार आणि सावकार मिळून आदिवासींकडून वेठीनं जंगलकाम करून घ्यायचे. 1945 च्या वारली उठावात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, जंगलातल्या मजुरीचा प्रश्नही होता. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना 1947 च्या सुमारास कूप ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच सहकारी संस्थेला द्यायचा प्रयोग सुरू झाला. पुढं काही संस्थांत नवे पुढारी जुन्या ठेकेदारासारखेच वागले, तो भाग निराळा. पण कूप ‘आपला’ असतो ही भावना या संस्थांमुळे आली.

संस्थेच्या चेअरमननी ग्रामसभेत जे सांगितलं ते मला सगळ्यात वजनदार वाटलं. ते पक्ष्याविरुद्ध बोललेच नाहीत, तारखेबद्दल बोलले. भात कापून झालं, झोडणी झाली, दिवाळी झाली की गावातल्या कातकरी आणि ठाकूर घरांपुढं दोनच वाटा असतात. कुपात काम मिळालं तर गावात राहायचं. नाही तर वीटभट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडं निघायचं. एकदा उचल घेतली की पावसाळ्यापर्यंत सुटका नाही. “तुम्ही जानेवारीत परवानगी द्याल हो साहेब, पण तोवर माणूस कुठं असेल?”

ठाण्याच्या मंडळींना दोन महिने थांबणं म्हणजे काहीच नाही असं वाटत होतं. अर्जावर सुनावणी होऊ दे, तज्ज्ञ येऊ देत, मग बघू. रानात दोन महिने म्हणजे अख्खा हंगाम, आणि पोरांचं शाळेचं वर्षसुद्धा. थांबण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. हा मुद्दा कुठल्याच अर्जात आला नव्हता.

इथं थोडं विषयांतर करतो. विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरांत सागवानी दारं आहेत. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींमध्ये चौकटी मलेशियन सालच्या, दारं घाना टीकची, पैसेवाल्यांकडं बर्मा टीक. म्यानमारनं एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी बाजारात नाव बर्माचंच चालतं. शहापूरचा कूप थांबला म्हणून ठाण्यात एक दार कमी बसत नाही. तेवढं लाकूड दुसऱ्या कुठल्या तरी रानातून येतं, आणि तिथं कोण पिंगळा राहतो हे आपल्याला कधी कळत नाही. म्हणून विरोध करू नये असं मी म्हणत नाही. त्यांनी हाक दिली नसती तर रेंज ऑफिसनं, म्हणजे वनक्षेत्रपालाच्या कचेरीनं, पक्ष्याची ओळख पटवायला कोणाला बोलावलंही नसतं. पण हिशेब पुरा मांडावा.

काय ठरलं आणि का

तोडगा निघाला तो एका साध्या चौकशीतून. पोकळ झाडाला लाकडाच्या विक्री आगारात काय भाव येतो? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: काही नाही. पोकळ ऐनातून इमारती माल निघत नाही, तो चिरून जळाऊ लाकडाच्या चट्ट्यात जातो. कुपाचं उत्पन्न येतं ते सागाच्या सोटांवर आणि धड ओंडक्यांवर. म्हणजे कूप रद्द केला तर जवळजवळ सगळं जातं, आणि ढोलीवाली झाडं सोडली तर सरपणाचा थोडा भाग जातो. इतका स्वस्त सौदा असताना दोन्ही बाजू महिनाभर महागड्या सौद्यावर भांडत होत्या.

पण नुसतं घरट्याचं झाड सोडून भागत नाही. भोवतालचं सगळं कापून मधे एकटा पोकळ ऐन ठेवला तर पहिल्या वादळात तो आडवा होतो. शिवाय ढोलीचं झाड कायमचं नसतं. आज जे पोकळ आहे ते दहा-पंधरा वर्षांत कोसळणार. त्या वेळी दुसरं तयार हवं, म्हणजे आज ज्याला फक्त घाव आहे, वरून थोडं कुजायला लागलंय, असं झाडही राखायला हवं. मार्किंगच्या नियमाप्रमाणे हे ‘बिघडू लागलेलं’ झाड आधी काढायचं असतं. म्हणून बाबा आणि वनरक्षक पुन्हा पूर्ण कूप फिरले आणि दोन प्रकारची झाडं वहीत घेतली: ढोली असलेली, आणि ढोली होऊ घातलेली. ज्यांवर आधीच ठसा पडला होता, त्यांतलीही काही या यादीत आली आणि त्यांचे नंबर पंचनामा करून रद्द केले. राखलेल्या झाडांना पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. यात पिंगळ्याखेरीज पुष्कळांची सोय झाली. पोपट, राखी धनेश, तांबट, घोरपड, सातेरी मधमाश्या, सगळ्यांना ढोल्या लागतात.

दुसरा बदल तोडीच्या क्रमाचा. कुपात कुठून सुरुवात करायची हे बहुतेक वेळा रस्त्याच्या सोयीनं ठरतं, म्हणजे गाडीरस्त्याकडून आत. इथं रस्त्याची बाजू घरट्याची होती. म्हणून लांबच्या टोकाकडून काम धरलं. ओंडके ओढायचं अंतर वाढलं आणि संस्थेनं त्याबद्दल कुरकुर केली, ती रास्तही होती. पण क्रम बदलायला वरच्या मंजुरीची गरज नव्हती, त्यामुळे काम दिवाळीनंतर लगेच सुरू झालं आणि माणसं गावात राहिली. घरट्याभोवतीचा तुकडा त्या हंगामात तोडलाच नाही. तेवढ्यापुरता आयोजनेपासून ढळल्याचा प्रस्ताव वरती पाठवला.

काही पक्षीमित्रांना हे अर्धवट वाटलं. त्यांचं म्हणणं, बाकीच्या कुपात करवत चाललीच ना. चालली. आणि मला वाटतं, या पक्ष्यासाठी ती चालणं फारसं वाईट नाही. तो विरळ रानात, मोकळ्या जमिनीवर शिकार करतो. साग नीट तोडला, खुंट जमिनीलगत निसरता कापला, साल फाटू दिली नाही, तर खुंट फुटतो आणि रान परत उठतं. फुटव्यांची वेळेवर विरळणी केली तर खाली उजेडही राहतो. पक्ष्याचं नुकसान होतं ते ढोल्या गेल्यानं आणि ऐन विणीत धांदल उडवल्यानं. त्या दोन गोष्टी सांभाळल्या तर तोड आणि पिंगळा एका कुपात नांदू शकतात, निदान इथं तरी. हाच न्याय सरसकट लावू नये. सदाहरित राईत किंवा उभ्या उतारावर मी असं म्हणणार नाही.

ग्रामसभेत राबाचाही विषय निघाला. खात्याला शेतालगतच्या ऐनांची छाटणी बंद हवी होती. गावानं ऐकलं नाही. ठरलं ते इतकंच, की पट्टा मारलेल्या झाडाला कोयता लावायचा नाही, बाकी चालतं तसं चालू द्यायचं. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला रान राखायचा अधिकार दिला आहे. पट्ट्याची झाडं राखायचा ठराव त्याच अधिकारात ग्रामसभेनं केला. माझ्या मते खात्याच्या आदेशापेक्षा या ठरावाचं वजन जास्त पडलं.

पुढं काय झालं

पिंगळ्यांची जोडी फेब्रुवारीतही त्याच जागी होती.

नुकसान दोन ठिकाणी झालं आणि दोन्ही वेळा कूपतोडीनं नाही. पट्टा मारलेलं एक पोकळ झाड कोणीतरी सातेरीच्या मधासाठी ढोलीपाशी फोडलं. पट्टा कशासाठी हे ग्रामसभेला न आलेल्यांना माहीतच नव्हतं. शेजारच्या पाड्यावर कोणी सांगायला गेलंच नाही, ही चूक खात्याची आणि संस्थेची मिळून.

दुसरं झाड मार्चच्या वणव्यात गेलं. पोकळ झाडाची ही दुखरी जागा फार थोड्यांच्या ध्यानात असते. जमिनीवरची आग धडक्या सागाच्या बुंध्याला चाटून निघून जाते. पोकळ झाडाच्या बुडाशी भेग असेल तर ती आत शिरते, ढोली धुराड्यासारखी ओढ घेते आणि झाड आतून रात्रभर जळत राहतं. सकाळी आडवं. कुऱ्हाडीपासून वाचवलेलं झाड असं जावं, याचा बाबांना फार राग आला होता. “पाला काढायला सांगितला असता तर आम्ही काढला असता,” ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. तोडीनंतर फांद्या, डहाळ्या आणि पाचोळा कुपात पडून राहतो, आणि तो बऱ्याचदा नेमका अशाच मोठ्या झाडांच्या बुडाशी ढिगानं सारलेला असतो, कारण सावली तिथं असते आणि माणसं तिथं बसतात. आता या रेंजमध्ये पट्ट्याच्या प्रत्येक झाडाभोवती माणसाच्या उंचीइतकं गोल अंतर झाडून घ्यायचं काम जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायच्या मोकळ्या पट्ट्याच्या, कामात धरलं आहे. फेब्रुवारीत, तोड संपताना, संस्थेच्या लोकांना त्याचे रोज मिळतात. ढोल्या राखण्यातून गावाला मिळालेली पहिली मजुरी ती.

वार्षिक हिशेबात या कुपाचं जळाऊ लाकूड अंदाजापेक्षा कमी भरलं, म्हणून विचारणा आलीच. उत्तरात राखलेल्या झाडांची यादी, रद्द नंबरांचे पंचनामे, ठरावाची प्रत आणि फोटो जोडले. ते मान्य झालं, कारण त्या वेळचे वरिष्ठ समजूतदार होते. पुढच्या कुपाला मार्किंगआधी ढोल्यांची यादी करायची, लांबच्या टोकाकडून तोड धरायची आणि फेब्रुवारीत झाडून घ्यायचं, हे रेंजमध्ये ठरलं आहे, पण तोंडी. बदल्या होतात आणि तोंडी ठरलेलं बदलीबरोबर जातं. कार्य आयोजनेची फेरतयारी होईल तेव्हा मार्किंगच्या नियमांत तीन गोष्टी घालून घ्याव्या लागतील: ‘पोकळ’ हे तोडीचं कारण धरू नये, राखायच्या झाडांची यादी ठसा मारण्याआधी व्हावी, आणि ती यादी करताना गावातला रानाचा माहीतगार माणूस मजुरीवर सोबत असावा. मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा ठाण्याच्या मंडळींनी आणि संस्थेनं एकाच कागदावर सह्या करून हे मागावं, अशी बोलणी सध्या चालू आहेत. चेअरमनची अट एकच आहे, की अर्जात वीटभट्टीचाही उल्लेख हवा.